गिझर बिघडलाच नव्हता

दिवाळीत गावी गेलो तर आई म्हणाली गिझरची कॉईल गेलीय, पहाटे अभ्यंगस्नानाला पाणी नुसतं कोमट येतं, नवीन टाकून घे. म्हटलं थांब, आधी मोजू दे. क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा मीटर, सोबत होताच, तो एकाच वायरभोवती लावायचा बरं का, फेज न्यूट्रल दोन्ही एकत्र धरल्या की शून्य दाखवतो. करंट आला 7.2 अँपिअर आणि व्होल्टेज फक्त 190!

आता कॉईलचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, काढायचा तर व्होल्टेज भागिले करंट, 190 ÷ 7.2, साधारण 26.4 ओहम. गिझरवर लिहिलंय 230 व्होल्ट, 2000 वॉट, म्हणजे 230 चा वर्ग भागिले 2000, 26.45 ओहम. कॉईल ठणठणीत!

मग पाणी का तापेना? पॉवर काढली, व्होल्टेज गुणिले करंट, 190 × 7.2 = 1368 वॉट. व्होल्टेज 17 टक्केच पडलं पण पॉवर 32 टक्के गेली, कारण रेझिस्टन्स तोच असला की व्होल्टेजसोबत करंटही घटतो, दोन्हीकडून मार बसतो. हे गणित मला शाळेत असल्यापासून फार आवडतं, दोन आकडे मोजले की आतलं सगळं कळतं.

पहाटे अख्ख्या आळीतले गिझर एकदम चालू, म्हणून ही गत. अकरा वाजता परत बघितलं तर 228 व्होल्ट, पाणी वाफाळतं.