अठरा इंच केसांची तीन कोटेशनं

तीन हजार नऊशे नव्याण्णव. साडेअकरा हजार. बेचाळीस हजार. माल तिन्हीकडे तोच: काळे, सरळ, अठरा इंच लांबीचे, माणसाचे केस. मी चाकणला एका कारखान्यात परचेसला आहे. गेली अकरा वर्षं बोल्ट, सील, रबराच्या रिंगा घेते. एकाच वस्तूच्या कोटेशनांत दहापट फरक आला, तर एक तर आपलं ड्रॉइंग, म्हणजे काय हवं त्याचा तपशील, चुकीचं गेलंय किंवा कुणीतरी आपल्याला वेड्यात काढतंय, असं आमच्याकडे धरून चालतात. या खेपेला दोन्ही खरं निघालं.

झालं असं, की ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला. त्यातून उठले, कामाला लागले, आणि ऑक्टोबरच्या शेवटी केस जायला लागले. उशीवर, बाथरूमच्या जाळीत, भाजीत. त्वचेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोठा ताप येऊन गेला की दोन-तीन महिन्यांनी असं होतं, मुळं शाबूत आहेत, सहा-आठ महिन्यांत परत भरून येतील. पण डिसेंबरात भावाचं लग्न होतं. आईनं एकदा वेणी हातात घेऊन "अगदी उंदराची शेपटी झालीय गं" म्हटलं आणि ट्रंकेतून आजीचं गंगावन, म्हणजे वेणी-अंबाड्यात घालायचे जोडकेस, काढून आणलं. चवरीगाईच्या, म्हणजे याकच्या, केसांचं असतं म्हणे. मलमलच्या फडक्यात गुंडाळलेलं, घोड्याच्या शेपटीसारखं राठ, आणि उन्हात धरलं की तांबूस दिसणारं. आजीनं ते पन्नास वर्षं आंबाड्यात घातलं होतं. मी आरशासमोर लावून बघितलं आणि परत फडक्यात ठेवलं.

मग जे सगळे करतात तेच केलं, ऑनलाइन मागवलं. 'शंभर टक्के ह्यूमन हेअर, रेमी, टेन-ए ग्रेड, १२० ग्रॅम.' डब्यातून निघाले तेव्हा केस इतके चमकत होते की आईसुद्धा हात फिरवून बघत राहिली. पहिल्या धुण्यात पंचाला काळा रंग लागला. दुसऱ्या धुण्यानंतर मानेकडच्या बाजूला त्याची अशी जट झाली की कंगवा मध्येच अडकून दोन दात तुटले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं तर क्लिपांसकट ९६ ग्रॅम भरलं. त्यातले चार-पाच केस चिमट्यात धरून गॅसवर नेले. काहींचा पीस जळल्यासारखा वास आला आणि चुरगळली की बोटावर राख झाली. बाकीचे वितळून त्यांचा कडक मणी झाला. म्हणजे प्लास्टिकचा धागा. निम्माअर्धा माल बनावट, वजनात मार, वर रंग उतरतोय. आमच्या कंपनीत असा लॉट गेटवरूनच परत गेला असता. इथे 'वापरलेला माल परत घेतला जाणार नाही' हे पानाच्या तळाशी बारीक अक्षरात होतं, आणि ते मी वाचलं नव्हतं. मीच.

दुसरं कोटेशन एका दुकानातलं. तिथल्या मुलीनं विचारलं, "मॅडम, ब्राझिलियन दाखवू का पेरूव्हियन?" मी विचारलं, हे ब्राझीलहून येतं का? ती हसली. म्हणाली, नाव आहे ते मॅडम, टेक्श्चरचं. माल चेन्नईहून येतो. बिचारी खरं तरी बोलली.

तिसरं सलूनमधलं, टेप-इनचं, म्हणजे आपल्या केसांना मुळाशी चिकटपट्टीनं जोडायच्या केसांचं. बेचाळीस हजारांत काय काय आलं, असं मी विचारलं तेव्हा तिथल्या मॅनेजरना ते फारसं आवडलं नाही. पण ब्रेक-अप, म्हणजे किमतीची फोड, मागितल्याशिवाय मी साधं वॉशरही घेत नाही. शंभर ग्रॅम केस सत्तावीस हजार, बसवणावळ पंधरा हजार. शिवाय दर सहा ते आठ आठवड्यांनी पट्ट्या काढून पुन्हा वर सरकवायच्या, कारण मूळचा केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतो आणि पट्टी त्याच्याबरोबर खाली येते. त्याचे पैसे वेगळे. त्यासाठीचा शांपू वेगळा. म्हणजे केस घेणं ही एका वेळची खरेदी, आणि टेप-इन हा एएमसीवाला, वर्षभराच्या देखभाल-करारासारखा व्यवहार.

ग्रॅमचा रेट काढला. ऑनलाइनचा पडला बेचाळीस रुपये, दुकानातला शहाण्णव, सलूनचा नुसत्या केसांचा दोनशे सत्तर. आता प्रश्न नेमका झाला: एक ग्रॅम केसात असं काय असतं, की तो बेचाळीसचाही होतो आणि दोनशे सत्तरचाही?

याचं उत्तर पेठेतल्या एका जिन्याखालच्या खोलीत मिळालं. आमच्या कंपनीच्या स्नेहसंमेलनातल्या नाटकाला ज्यांच्याकडून दाढ्यामिशा येतात, ते काका. नाटकांचे केसांचे टोप करण्यात त्यांची हयात गेलेली. मी गेले तेव्हा लाकडी डोक्यावर जाळी ताणून ते केस ओवत होते. बारीक आकडीची सुई, एका वेळी एक-दोन केस, जाळीच्या भोकातून ओढून गाठ. पुन्हा पुढचं भोक. एका टोपाला किती गाठी, असं विचारलं तर म्हणाले, "मोजल्या असत्या तर धंदा सोडला असता, ताई."

मी माझी जट त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी चष्मा वर केला, एक केस ओढून काढला आणि म्हणाले, "तुमचा स्वतःचा एक द्या." तेव्हा माझ्या खांद्यावर केसांना तोटा नव्हता. त्यांनी माझा केस अंगठा आणि तर्जनीत धरला आणि बोटं नुसती पुढेमागे घासली. केस आपोआप सरकायला लागला, एकाच दिशेला. उलटा धरला तर उलट्या दिशेला. "मुळाकडं सरकतो. करून बघा." मी बघितलं. ज्या टोकाला पांढरा ठिपका होता तेच टोक पुढे पुढे जात होतं. केसावर माशासारखे खवले असतात आणि ते मुळाकडून टोकाकडे लवलेले असतात, म्हणून. मग माझ्या चार हजारांच्या मालातला केस घासला. तो जागचा हलेना. खवलेच नव्हते.

काकांनी मग त्या लॉटची जन्मकुंडली सांगितली. हा गुंतवळाचा केस. लहानपणी गल्लीत "केसांवर भांडीऽऽ" अशी आरोळी यायची, तो. आजी विंचरल्यावर गुंतवळ बोटाभोवती गुंडाळून खिडकीच्या जाळीत खोचून ठेवायची आणि पिशवी भरली की त्यावर स्टीलची वाटी घ्यायची. मला कधीच कळलं नव्हतं, की त्याचं पुढे काय होतं. तो सगळा गोळा कर्नाटकातल्या कोप्पळजवळच्या भाग्यनगरला किंवा बंगालात मुर्शिदाबादकडे जातो. तिथे बायका दिवसचे दिवस बसून टोचणीनं एकेक केस सोडवतात, धुतात, खिळ्यांच्या फण्यातून ओढून लांबीप्रमाणे लावतात. पण कोणतं टोक मुळाचं आणि कोणतं शेंड्याचं, हे त्या गुंत्यात कधीच हरवलेलं असतं. निम्मे केस उलटे. उलटसुलट खवले एकमेकांत अडकतात आणि जट होते. त्यावर इलाज म्हणजे माल आम्लात बुडवून खवलेच काढून टाकायचे आणि वरून सिलिकॉनचा हात द्यायचा. ती चमक सिलिकॉनची. दोन धुण्यांत ती उतरते, आणि खालचा खरबरीत झालेला केस पुन्हा गुंततो.

याच्या उलट केस डोक्यावरूनच जुडी बांधून काढला, तर मुळं एका बाजूला राहतात. व्यापारात त्यालाच रेमी म्हणतात. असा माल सगळ्यांत जास्त येतो तो देवळांतून, तिरुपतीहून. माझ्या मावशीनं तिथे कल्याणकट्ट्यावर केस दिले होते, मुलगा आजारातून उठला म्हणून. तिच्या गुडघ्याला लागणारी वेणी होती. देवस्थान हे केस लांबीप्रमाणे वर्गवारी करून ई-लिलावात विकतं. फक्त 'रेमी' हा शब्द डब्यावर कुणीही छापू शकतो, आणि 'टेन-ए' ही ग्रेड ठरवणारं कुणी मानक मंडळ नाही. उद्या एखादा 'पंधरा-ए' लिहील.

इथे माझ्यातली परचेसवाली थोडी गप्प झाली. मनात कॉस्टिंग शीट मांडत होते: सोडवणं, धुणं, लावणं, शिवणं, वाहतूक, दुकानाचं भाडं, सलूनचा एसी. सगळ्या रकान्यांत आकडे होते. फक्त कच्च्या मालाच्या पहिल्या ओळीत, मावशीपुढे शून्य आणि आजीपुढे एक वाटी. मावशीनं ते देवाला दिलं होतं, विकलं नव्हतं, हे मला कळतं. तरी तो रकाना डोळ्यांसमोरून गेला नाही.

लांबीचं गणित सोपं निघालं. अठरा इंच म्हणजे कुणीतरी तीन वर्षं वाढवलेला केस, तीस इंच म्हणजे पाच वर्षं. इतका लांब केस कमी डोक्यांवर सापडतो, त्यामुळे लांबी वाढली की भाव त्याच्याहून जोरात वाढतो. रंगाचंही तसंच. आपला काळा-तपकिरी केस आहे तसा वापरला तर स्वस्त. परदेशी गिऱ्हाइकासाठी तोच सोनेरी करायचा तर सौम्य द्रावणात हळूहळू रंग उतरवावा लागतो. घाई केली की केस कुजतो. माझा माल मात्र गडद काळा रंगवलेला होता. काळ्यालाच काळा कशाला? "दहा डोक्यांचे दहा काळे असतात, ताई. ते एक दिसायला नकोत?"

पण मला खरं पटलं ते त्यांनी दोन जुड्या शेजारी धरल्यावर. दोन्ही शंभर ग्रॅम, दोन्ही अठरा इंच. एकीचा शेंडा मुठीत घेतला तर मुठीतच विरला, इतका पातळ. दुसरी वरपासून खालपर्यंत झाडूसारखी भरगच्च. पहिलीत सात-आठ इंचांचे आखूड केसही आहेत, लांबी फक्त सर्वांत लांब केसाची मोजलेली. दुसरीतले आखूड हातानं वेचून काढलेत. डबल ड्रॉन म्हणतात तिला. आंबेमोहोरातली कणी काढली की भाव वाढतो, तसंच. सलूनच्या दोनशे सत्तरमधला मोठा वाटा या कणी काढण्याचा होता. माझ्या कोटेशनात 'अठरा इंच' एवढंच लिहिलेलं होतं. ड्रॉइंग चुकलं ते इथे.

मग गंमत अशी, की मला भरगच्च जुडी नकोच होती. माझा स्वतःचा केस खाली पातळ होत जातो, त्यात झाडू जोडला तर पायरी दिसली असती. काका म्हणाले, "तुम्हाला कणीवालाच घ्या. आणि अठरा कशाला? वेणीत दोन इंच कुणाला कळणार?"

टेप-इनला डॉक्टरीणबाईंनी फोनवरच नकार दिला होता. आधीच गळणाऱ्या केसाला सतत वजन लटकवलं तर मुळावर ताण येतो, आणि परत येणारा केसही जातो. लग्नापुरतं, दिवसभर लावून रात्री काढता येईल असंच घ्या, म्हणाल्या. एका वाक्यात त्यांनी माझे पंधरा हजार आणि पुढची एएमसी वाचवली.

शेवटी घेतलं ते असं: सोळा इंच, शंभर ग्रॅम, न रंगवलेला, मुळं एका बाजूला असलेला, कणीसकट. पट्टी मशिनवर शिवलेली, कारण हातानं बांधलेली पातळ आणि मऊ बसते खरी, पण तिच्यात काकांचे दिवस जातात आणि ते दिवस बिलात येतात. सहा क्लिपा. आठ हजार दोनशे. ग्रॅमला ब्याऐंशी. रंग जुळवायला त्यांनी मला खोलीबाहेर रस्त्यावर आणलं आणि मुळाशी नाही, वेणीच्या शेंड्याशी नमुना लावून बघितला. घेण्याआधी मी पाच वेगवेगळ्या जागचे केस ओढून बोटांत घासले. पाचही मुळाकडे सरकले. घरी काट्यावर टाकलं तर क्लिपांसकट ११२ भरलं. रिसिव्हिंग इन्स्पेक्शन पास.

लग्नाच्या सकाळी मावसबहिणीनं पेडाची वेणी घातली, वर गजरा. क्लिपा टोचतात, हे कुणी सांगत नाही. दुपारच्या पंगतीपर्यंत डाव्या कानामागे ठसठसायला लागलं होतं. आत्यानं मात्र वेणीला हात लावल्या लावल्या ओळखलं. "गंगावन का गं?" असं सगळ्यांदेखत विचारलं. मी हो म्हटलं. मग ती जवळ सरकून हळू आवाजात म्हणाली, "मलाही एक आण."

मांडव परतणीनंतर ते धुऊन, सावलीत वाळवून, आजीच्याच मलमलच्या फडक्यात ठेवलं, तिच्या गंगावनाशेजारी. आईनं विचारलं, कितीला पडलं. मी तीन हजार सांगितले. तिला तेही जास्तच वाटले.