माझ्या कथेत मेलेलं माणूस येतंच

लिहायला लागले तेव्हा पक्कं ठरवलेलं की आपण सामाजिक लिहायचं. गोव्यात विषयांना तोटा नाही, 2012 ला खाणी बंद पडल्या तेव्हा कर्ज काढून ट्रक घेतलेली कितीतरी घरं एका फटक्यात बसली, तर त्याच्यावरच कथा सुरू केली. अंगणात उभा ट्रक, टायरांभोवती वाढलेलं गवत, बँकेच्या नोटिसा, सगळं झकास चाललेलं. आणि चौथ्या पानावर सून रात्री पाणी प्यायला उठते तर ट्रकच्या केबिनमध्ये विडीचं टोक लाल होतंय. सासरा तर खाणी बंद व्हायच्या आधीच गेलेला. मी काही त्याला बोलावलं नव्हतं हो!

मग प्रेमकथा लिहिली, त्यात दिवाडीच्या फेरीबोटीत नायिकेशेजारची बाई दुसऱ्या कोणाला दिसेचना. विनोदी लिहायला घेतलं तर त्यात तेरावा निघाला. मैत्रीण म्हणाली, अगं तू भुताच्याच गोष्टी लिहितेस, मान्य कर ना एकदा.

मान्य केलं, पण भयकथा काही जमेना. दार करकरतं, कुत्रं रडतं, आणि लिहिता लिहिता मलाच जांभई. विचार करता करता लक्षात आलं की आमच्याकडे देवचार ही नुसती घाबरायची गोष्टच नाही, तो राखणदार, रात्री दांडा नि पेटती चूड घेऊन गावची शीव फिरतो, वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडतो, बदल्यात त्याला रोट द्यायचा, विडी द्यायची. वेताळाला तर चामड्याच्या वहाणा वाहतात आणि रात्रभर फिरून त्या झिजतात म्हणे. आता ज्याच्या चपलांची काळजी अख्खा गाव करतो त्याला बघून किंकाळी कशी फोडायची? आमची आजी तिन्हीसांजेला शिवेवरून जाताना फक्त पदर सारखा करायची, मोठ्या दिरासमोरून जावं तशी.

तर माझा प्रांत हा. मेलेली माणसं घरातच वावरतात, हिशेब विचारतात, रुसतात, आणि जिवंत माणसं त्यांच्यासाठी चहा टाकायचा की नाही या विचारात. गूढकथा म्हणा हवं तर, पण रहस्य उलगडणं बिलगडणं काही नसतं त्यात. आणि गंमत म्हणजे सामाजिक लिहायचं राहिलंच नाही, कर्जाबद्दल सुनेपेक्षा तो म्हातारा जास्त मोकळं बोलतो, त्याला आता बँकेची भीती नाही ना!

सध्या कुर्डी घेतलंय. साळावली धरणात बुडालेला सांगे तालुक्यातला गाव, गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचा. मे महिन्यात पाणी उतरलं की घरांची जोती वर येतात आणि वाडे नि वालकिणी या गावांत वसवलेले लोक सोमेश्वराच्या उत्सवाला परत येतात, आपलं घर कुठे होतं ते नातवंडांना दाखवतात. दुसऱ्या कोणी लिहिली तर ही सरळ विस्थापनाची कथा होईल. मला मात्र एकच प्रश्न छळतोय, तिथलं जुनं महादेवाचं देऊळ पुरातत्त्व खात्याने दगडन्‌दगड सुटा करून दुसरीकडे नेऊन उभं केलं, माणसांना जमिनी मिळाल्या, पण शिवेवरच्या राखणदाराचं काय? पाणी चढलं की तो जातो कुठे? पहिला खर्डा झालाय, त्यात तो एका सरकारी कचेरीत प्लॉट मागायला गेलाय आणि क्लार्क त्याच्याकडे रेशनकार्ड मागतोय. दिवाळी अंकाला पाठवीन म्हणते, शेवट अजून सुचायचाय.