लेटरहेडवर लिहून द्या

मार्च म्हणजे आमच्याकडे प्रवेशाचा मोसम. ठाण्यात नौपाड्यातली आमची बालवाडी जुनी, त्यात मराठी माध्यमाची, त्यामुळे झुंबड वगैरे नसते. येतात ते बहुतेक आजी-आजोबांच्या आग्रहाने. हे कुटुंबही तसंच आलं. आई-बाबा घोडबंदर रोडला राहणारे, आजी इथेच दोन गल्ल्या पलीकडे. मुलाला चार पूर्ण होऊन दोनेक महिने झालेले. बाबा खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले, "बाई, ह्याला डायरेक्ट मोठ्या शिशूत घ्यायचंय."

अडचण जन्मतारखेची होती. राज्याच्या नियमाने पहिलीत बसणाऱ्या मुलाला त्या वर्षीच्या 31 डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण व्हावी लागतात आणि खालचे वर्ग त्याच हिशोबाने मागे मोजत यायचे, म्हणजे मोठ्या शिशूला पाच, छोट्या शिशूला चार. हा जन्मला जानेवारीच्या शेवटाला. "चार आठवड्यांसाठी अख्खं वर्ष वाया!" बाबा म्हणाले. हे वाक्य ऐकल्याशिवाय माझा एकही मार्च सरत नाही. वाया गेलेलं ते वर्ष नेमकं जातं कुठे, हे मात्र मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

"तुम्ही त्याची टेस्ट घ्या, मग बोलू." एवढं म्हणून त्यांनी मुलाला खूण केली आणि त्याने वन-टू सुरू केलं. हंड्रेडपर्यंत न अडखळता. मागोमाग महिने, मग सगळे ग्रह. आई ओठांनी सोबत म्हणत होती.

आम्ही टेस्ट घेत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 प्रमाणे प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावता येत नाही; पहिल्या वेळी 25 हजारांपर्यंत दंड आहे, नंतर दर खेपेला 50 हजारांपर्यंत. पण कायद्यातलं बालक सहा ते चौदा वर्षांचं, त्यामुळे बालवाडीच्या वयातल्या मुलाखती राजरोस चालतात. आमच्याकडे आहे ते निरीक्षण पत्रक. आमच्या जुन्या मोठ्या बाई पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला जाऊन आलेल्या, आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांचं काम बघायला. मोठ्या बाईंची शिकवण अशी की मुलाला विचारत बसू नका, हातात काहीतरी द्या आणि गप्प राहा. गप्प राहणं हा या कामातला सगळ्यात अवघड भाग आहे. पत्रकही प्रवेशासाठी नसतं. जूनमध्ये वर्गावर जाणाऱ्या ताईला कुठून सुरुवात करायची ते कळावं, म्हणून.

मी चिंचोक्यांचं ताट त्याच्यापुढे ठेवलं. "आजीच्या वाटीत चार दे."

त्याने मूठ भरली आणि वाटीत ओतली. मला वाटलं, मराठी आकड्याने गडबड झाली असेल. वाटी रिकामी करून पुन्हा म्हटलं, "फोर दे हं, फोर." पुन्हा मूठ. मग मी स्वतः पाच चिंचोके ओळीत मांडून त्याला मोजायला लावले. बोट पुढे पळत होतं आणि तोंड त्याहून पुढे. पाच चिंचोक्यांचे सात झाले. मी त्याचं बोट धरून एकेकावर ठेवलं तेव्हा बरोबर फाइव्ह आले. "मग किती आहेत?" यावर उत्तर न देता त्याने पुन्हा वन-टूपासून सुरुवात केली.

आकडे म्हणता येणं आणि मोजता येणं यांत बरंच अंतर असतं. शेवटी म्हटलेला आकडा म्हणजे सगळे मिळून तेवढे, ही गोष्ट पाठ करून येत नाही. कुणाला साडेतीनाव्या वर्षी उमगते, कुणाला साडेचाराव्या. त्यामुळे मला त्यात काळजीचं काही दिसत नव्हतं. बाबांना दिसलं. "तो घाबरलाय, घरी बरोबर देतो," असं ते दोनदा म्हणाले.

घाबरलेला वगैरे काही नव्हता. खडू दिल्यावर गोल छान काढला, अधिकचं चिन्ह कसंबसं जमलं, चौकोनाचे कोपरे गोल झाले. या वयाला हे अगदी रीतसर आहे. खडू मात्र मुठीत धरलेला. सँडलचा पट्टा लावायची वेळ आली तेव्हा त्याने नुसता पाय पुढे केला आणि आई-आजी दोघी एकदम वाकल्या.

मग दिवे गेले. पंखा थांबला तसा हा आपणहून बोलायला लागला. त्यांच्या बिल्डिंगमध्ये लाइट गेली म्हणून लिफ्ट मध्येच थांबली, आत एक काकू होत्या, त्या ओरडल्या, मग वॉचमनकाकांनी वरून चावी लावली पण दार थोडंसंच उघडलं, कारण लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये होती, म्हणून आधी काकूंची पिशवी बाहेर काढली आणि मग काकू. मोठ्या शिशूतली निम्मी मुलंसुद्धा इतकी क्रमवार हकिगत सांगत नाहीत. मी भराभर पत्रकात लिहून घेत होते आणि आई म्हणत होती, "अरे, बाईंना पोएम म्हणून दाखव ना."

निघताना बाबा म्हणाले, "ठीक आहे, तुम्ही घेऊ नका. पण लेटरहेडवर लिहून द्या की तो सीनियरसाठी रेडी आहे. दुसरीकडे दाखवायला." 2020 च्या नव्या शैक्षणिक धोरणाचंही नाव त्यांनी काढलं. त्या धोरणात बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी मिळून पाच वर्षांचा एकच टप्पा केलाय. त्यातून घाई करायचा सल्ला कसा निघतो, ते मी विचारलं नाही. वाद घालायची इच्छा नव्हती आणि बाहेर दुसरे पालक ताटकळले होते.

लेटरहेडवर मी जे पाहिलं तेच लिहिलं. घडलेला प्रसंग क्रमाने, कारणासहित सांगतो. गोल काढतो. मोजताना एका वस्तूला एक आकडा लावायला मदत लागते. बोटांना काम हवं. छोट्या शिशूत आनंदाने रमेल. बाबांनी वाचून कागद परत माझ्यापुढे सरकवला. "शंभरपर्यंत म्हणतो ते कुठाय?" ते खरंच होतं, म्हणून तेही लिहिलं: शंभरपर्यंत आकडे क्रमाने म्हणतो.

त्यांच्या भागातल्या एका शाळेने त्याला सीनियरला घेतलं. माझा कागद त्यांनी बघितला की नाही, कुणास ठाऊक.

दिवाळीनंतर आजी गावदेवी मंडईत भेटल्या. पोरगा शाळेत बडबडतो म्हणून डायरीत तक्रारी येतात आणि लिहायला बसवलं की बोटं दुखतात म्हणून रडतो, असं सांगत होत्या. मटार नुकते यायला लागले होते. म्हटलं, शेंगा सोलायला बसवा त्याला रोज, कणकेचा गोळा द्या मळायला, आणि सोललेले दाणे वाटीत चार-चार टाकायला सांगा.

"सुनेला सांगू का, तुम्ही सांगितलंय म्हणून?" त्यांनी विचारलं.

"नको, माझं नाव नका घेऊ," मी म्हटलं. त्यांनी दोन किलो मटार घेतले आणि भाजीवाल्याशी दहा रुपयांवरून घासाघीस सुरू केली.