गोटे का काढले नाहीत? तुम्ही विचारलंत म्हणून

"अजून गोटे तसेच?" हा तो प्रश्न. गोटे म्हणजे आमच्या बागेतल्या वाटांवर घातलेले नदीचे गोल दगड. काहीजण हळू आवाजात विचारतात. नणंदा माझ्या नवऱ्याला विचारतात, पण मला ऐकू जाईल अशा बेतानं. एका मावशींनी तर विचारलंसुद्धा नाही, वाटेकडे बघून नुसतं "हं" म्हणाल्या. त्या "हं"नंतर ठरवलं की एकदा लिहूनच काढावं आणि पुढे कुणी विचारलं की हेच पाठवावं.

आण्णा, म्हणजे माझे सासरे, गेल्या आषाढात बागेतल्या त्याच गोट्यांच्या वाटेवर पडले. मांडीचं हाड खुब्यात मोडलं, मिरजेला ऑपरेशन झालं, आता वॉकर आहे. हे सगळं तुम्हाला माहीत आहे, तुम्ही शहाळी घेऊन आला होतात. त्यामुळे ते पुन्हा सांगत नाही.

आधी वाफ्यांचं बोलू, कारण गोट्यांच्या प्रश्नाखाली तो जुना प्रश्न अजून शिल्लक आहे: "एवढी सोन्यासारखी काळी जमीन असताना विटांच्या पेट्या बांधून त्यात कसली भाजी लावायची?" सांगलीत काळ्या जमिनीला नाव ठेवलेलं खपत नाही. मी ठेवते. आमचा प्लॉट गुंठेवारीतला. घरं व्हायच्या आधी इथं ऊस होता आणि त्या उसाला पिढीभर पाटानं पाणी पाजलेलं होतं. कृष्णाकाठची कितीतरी रानं अशी पाण्यानंच चोपण, म्हणजे खारवट आणि चिकट, झाली. आमच्या मातीचा सामू (पीएच) साडेआठच्या वर. उन्हाळ्यात भेगा पडतात, वर पांढरा खार फुलतो, आणि पावसाळ्यात पाय टाकला की चप्पल आत राहून पाय तेवढा बाहेर येतो. त्यात मेथी उगवते आणि बोटभर होऊन पिवळी पडते. हे सोनं कुणाला हवं असेल तर घेऊन जावं.

म्हणून वाफे उंच केले. रुंदी ४ फूट, म्हणजे दोन्हीकडून मध्यापर्यंत हात पोचतो आणि आत पाय देऊन माती दाबावी लागत नाही. उंची दीड फूट. तळाला विटांच्या तुकड्यांचा जाड थर, कारण खालचं खारं पाणी बारीक मातीतून वर चढतं, वातीतून तेल चढावं तसं. मध्ये भरड थर आला की ते तिथंच थांबतं. त्यावर पाचट, शेणखत, कारखान्यावरचं मळीचं खत आणि बाहेरून आणलेली पोयट्याची माती. पहिल्या वर्षी माती खाली बसते, तेव्हा पुन्हा भर घालावी लागते. कठडा वीतभर रुंद ठेवला, त्यावर बसून खुरपता यावं म्हणून. बसायचं होतं आण्णांना. दीड फूट ही उंची कुठल्या पुस्तकातली नाही. गुडघे न मोडता आण्णा किती खाली बसू शकतात, ते टेप लावून मोजलं होतं.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ आहे. आमच्या अंगणात कमरेएवढं पाणी. ते उतरल्यावर पपई दोन दिवसांत माना टाकून गेली, कढीलिंब पंधरवडाभर हिरवा राहून मग वाळला. मुळं पाण्याखाली गुदमरलेली असतात, पानांना ते उशिरा कळतं. नारळ तेवढा राहिला. वाफे त्यानंतरचे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आलं, अंगणात फूटभर चढलं, पण कठड्यावरून आत गेलं नाही. त्या वर्षी गल्लीत फक्त आमच्याकडे वांगी होती. तेव्हा पेट्यांना हसणाऱ्यांनी ती नेली, हेही इथं नोंदवून ठेवते. २०१९ एवढं पाणी आलं तर दीड फुटाचा कठडा काय करणार, हे मला कळतं. ते सांगायला येऊ नका.

आता गोटे.

आण्णांचं गावाकडचं घर मातीच्या भिंतींचं. २०१९ च्या पाण्यात ते बसलं. भिंती विरघळल्या, पत्रे शेजारच्या रानात सापडले, आणि मलबा उपसताना जोत्यातून ट्रॉलीभर नदीचे गोटे निघाले. आण्णांच्या वडिलांनी बैलगाडीनं आणून भरलेले. तेव्हा आणता यायचे. आज नदीतून गोटे उचलले तर ते गौण खनिज, विनापरवाना नेलं की महसूल अधिनियमाच्या कलम ४८ खाली दंड, आणि गाडी अडकते ती वेगळीच. शिवाय नदीतून उचलूच नयेत असं माझं मत आहे. त्या गोट्यांच्या सांदीत मासे अंडी घालतात. हे मात्र जोत्यातले, आमचेच. काळे, राखी, काही तांबूस, मुठीएवढे आणि त्याहून लहान. मी म्हटलं, वाफ्यांमधल्या वाटांना हे घालू.

आण्णा म्हणाले, "घरचं दगड पायाखाली घालतीस व्हय?"

मी म्हटलं, "मग काय करू, देवघरात ठेवू?"

हे मी म्हणाले होते. घरात सगळ्यांना आठवतं. आण्णा त्यावर काही बोलले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी स्वतः पाटी घेऊन लहान-मोठे गोटे निवडायला बसले.

तेव्हाची मी फार ठाम होते. तिचं म्हणणं असं: फरशी टाकली तर पावसाचं पाणी वाहून वाफ्यांच्या बुडाशी साठणार, गोट्यांतून ते मुरतं. फरशीवर शेवाळ येतं. गोट्यांवर चिखल पायाला लागत नाही. खाली मुरूम, त्यावर जाड कापड, त्यावर गोटे, म्हणजे तण येणार नाही. तिला आज मी विचारते, लव्हाळ्याचं काय? लव्हाळा कापड टोचून वर आला. गोगलगायी दिवसा गोट्यांखाली झोपतात आणि रात्री मेथी खातात. नारळाची झावळी पडली की तिची पातं खराट्यानं निघत नाहीत, वेचावी लागतात. पण पाणी मुरतं, हे तिचं खरं निघालं. २०२१ ला पाणी ओसरलं तेव्हा फरशी टाकलेल्या शेजारच्या अंगणात डबकं होतं आणि आमच्याकडे नव्हतं. त्यामुळे तिला पूर्ण खोटी पाडता येत नाही. पाडता आली असती तर हे लिहावं लागलं नसतं.

गोटा गोल असतो ही खरी अडचण. खडीला कोपरे असतात, ती दाबली की एकमेकांत अडकून बसते. नदीनं घासलेला दगड कधीच बसत नाही. पाय टाकला की तो सरकतो, त्याच्या शेजारचा त्याच्यामुळे सरकतो. थर जितका जाड तितका जास्त. गवंड्यानं हे सांगितलं होतं. मात्र त्याच दमात त्यानं मेव्हण्याच्या पेव्हिंग ब्लॉकचा भावही सांगितला, त्यामुळे पहिलं वाक्यसुद्धा मी भावातच धरलं.

त्या दिवशी रात्रभर भुरभुर चालू होती. आण्णा पूजेची फुलं आणायला सकाळीच जातात. मी ओट्यापाशी होते. आवाज असा काही आला नाही. तांब्या पडल्याचा आला. तांब्या पडतोच, म्हणून मी कणीक मळत राहिले. मग कुत्रं भुंकायला लागलं. बाहेर आले तर आण्णा वांग्याच्या आणि कोथिंबिरीच्या वाफ्यांमध्ये कुशीवर पडलेले, एक हात कठड्यावर, तोंडातून शब्द नाही. जास्वंदी गोट्यांवर पसरलेल्या.

मागच्या दारातून उतरताना दोन शहाबादी पायऱ्या आहेत, त्या संपल्या की गोटे सुरू होतात. आण्णांची एक सपाता, म्हणजे स्लिपर, गोट्यांवर होती आणि एक खालच्या पायरीवर. उलटी. आण्णा पायरीपासून चार-पाच फुटांवर. म्हणजे पाय ओल्या पायरीवरून सटकला, तोल सावरत ते पुढे गेले आणि मग पडले, असं असू शकतं. किंवा गोट्यावर पाय मुरगळला आणि पडताना सपाता उडून मागे गेली, असंही. सपातांचे तळवे इतके घासलेले की दोन्हीवरून सटकावं.

आता जे सांगते ते मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. मी धावत गेले, त्यांच्याशेजारी बसले, डोक्याखाली हात घातला, आणि त्या वेळी माझी नजर मागे पायरीवर गेली. सपाता कुठं पडली आहे ते मी बघितलं आणि लक्षात ठेवलं. रुग्णवाहिका यायची होती, आण्णांचा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला होता, आणि मी माझा पुरावा गोळा करत होते. तुम्ही भेटायला आलात आणि गोट्यांकडे बघितलंत, तेव्हा मी ताबडतोब सपातेचं सांगितलं. म्हणून तुमच्यातल्या काहींना वाटलं असेल की हिला फारच लवकर सगळं आठवतंय. बरोबर वाटलं.

आण्णांना विचारावं तर तेही सरळ नाही. डॉक्टरांना म्हणाले, चक्कर आली. धाकट्या भावाला फोनवर म्हणाले, "गोट्यावरनं पाय सरला." नवऱ्याला म्हणाले, काही आठवत नाही. मला काहीच म्हणाले नाहीत. स्ट्रेचरवर घेताना एवढंच बोलले, "कोथमीर तुडवली गेली का बघ."

घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "आण्णा, गोटे काढून टाकू?" त्यांनी पेपर खाली केला नाही. "माझ्यामुळं काढायचं न्हाई. लोक म्हणतील म्हाताऱ्यापायी काढलं. तुला काढायचं असतील तर काढ." आता या वाक्याचं काय करायचं ते तुम्हीच सांगा. मला काढायचे आहेत का? सकाळी वॉकर घेऊन ते मागच्या दाराशी येतात आणि तिथंच थांबतात. वॉकरचे पाय गोट्यांत रुततात, तिरपे होतात. ज्यांच्या गुडघ्यांवरून कठड्याची उंची ठरवली, त्यांना कठड्यापर्यंत जाता येत नाही. ते खुर्चीवरून मला सांगतात, टोमॅटोचा तो फुटवा मोड, तो न्हवं, पलीकडचा. त्या वेळी सगळे गोटे ट्रॉलीत भरून परत नदीला द्यावेत असं वाटतं. मग कुणीतरी पाहुणा येतो, खाली बघतो, "अजून तसेच?" म्हणतो, आणि मी पुन्हा सपातेवर येते.

अगदीच काही केलं नाही असंही नाही. पहिल्या वाफ्यापर्यंत गोटे बाजूला करून शहाबादीचा पट्टा टाकला, वॉकर जाईल एवढा. आण्णांनी तो दारातूनच बघितला आणि म्हणाले, "फरशी वली झाली की गोट्यापरीस वाईट." अजून त्यावर पाय ठेवलेला नाही. त्यांचं म्हणणं चूक नाही. शिवाय त्या वाक्यानं माझी पायरीची बाजू भक्कम होते, हेही माझ्या लगेच लक्षात आलं. सवय सुटत नाही.

नवऱ्याचं म्हणणं, गोटे सिमेंटात अर्धे रोवून बसवावेत, म्हणजे दगडही राहतील आणि हलणार नाहीत. गवंडी म्हणतो होईल, पण वर उंचवटे राहणार, वॉकर गचके खाणार, आणि पाणी मुरायचं बंद. मी म्हणते, वरचा थर काढून बारीक खडी घालून दाबावी आणि गोटे वाफ्यांच्या कडेनं लावावेत. त्यावर नवरा म्हणतो, खडी अनवाणी पायाला टोचेल. आण्णा अनवाणी कधी चालले, असं मी विचारलं. मग दोघं गप्प. यात पाऊस तोंडावर आला आहे, आणि पावसात गवंडी मिळत नाही.

तेव्हा सध्या तसेच आहेत. वाफे बघायला यायचं असेल तर जरूर या, दोडका लागला आहे. चपला घालूनच या, आणि तळवे बघून घ्या. शहाबादीचा पट्टा संपला की उजवीकडून चाला. डावीकडे मी लव्हाळा उपटायला गोटे उकरून ठेवले आहेत.