पाझर तलावाचा गाळ काढताना: माझा अनुभव

तलावांतला गाळ काढून शेतात पसरवण्याच्या राज्य सरकारच्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत उतरल्यावर आमच्यापुढे पहिला प्रश्न पैशाचा नव्हता, तलाव कोणाचा हा होता. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्याच्या दक्षिण भागात आमची लहानशी संस्था आहे. तिथला पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळी कामातला. गावाला विचारलं तर "आमचाच की!" कागदावर मात्र शंभर हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे आणि त्याहून मोठे राज्याच्या मृद व जलसंधारण विभागाकडे. आमचा छोटा, म्हणजे जिल्हा परिषद. एवढं ठरल्यावर बाकीचे कागद सरळ होते: ग्रामसभेचा ठराव, संस्थेची धर्मादाय नोंदणी, नीती आयोगाच्या 'दर्पण' पोर्टलवरचा संस्थेचा क्रमांक, लेखापरीक्षण, अंदाजपत्रक. तलाव पाच वर्षांहून जुना आणि लाभक्षेत्र, म्हणजे त्याच्या पाण्याखाली येणारी जमीन, २५० हेक्टरांच्या आत हवं, त्यातही आम्ही बसलो.

खरी कसोटी ग्रामसभेत लागली. खोदाईचं मशीन आणि त्याच्या डिझेलचा खर्च योजनेतून, पण गाळ नेऊन पसरण्याचं अनुदान फक्त अल्प आणि अत्यल्प भूधारक, विधवा, अपंग शेतकरी आणि आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबं यांच्यासाठी. एकरी १५,००० रुपयांपर्यंत, अडीच एकरांना जास्तीत जास्त ३७,५००. हे वाचून दाखवलं आणि एक ट्रॅक्टरवाले तात्या उठले, "मॅडम, डिझेल आमचं, टायर आमचं, आन् पैसं दुसऱ्यालाच व्हय?" मागच्या बाजूला बसलेली एक आजी तिथूनच म्हणाली, "तात्या, तुमच्या रानात टाकायला कुणी अडवलंय का?" मग सभेतच ट्रॉलीचं भाडं ठरलं. आधी लहान शेतकऱ्यांच्या खेपा, मग बाकीच्यांच्या, असंही ठरलं. हे ठरावात लिहून घेतलं म्हणून पुढे भांडणं आवरली. तोंडी ठरलं असतं तर पहिल्याच आठवड्यात काम बंद पडलं असतं.

दुसरा गोंधळ मापाचा. सरकार घनमीटरमध्ये बोलतं, गाव ब्रासमध्ये. एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर. अनुदानाची एकरी मर्यादा ४०० घनमीटरची, म्हणजे साधारण १४१ ब्रास. एवढा गाळ एका एकरात सारखा पसरला तर थर जेमतेम चार इंचांचा होतो. हे फळ्यावर करून दाखवल्यावर "दोन एकराला धा ट्रॉल्या बास" म्हणणारे गप्प झाले. पण सगळ्यांनीच गाळ न्यावा असंही नाही. मुरमाड, उथळ रानाला तो लाख मोलाचा. ज्यांचं रान आधीच भारी काळं, त्यांनी ओढत बसण्यात अर्थ नाही. नेण्याआधी गाळाचं माती परीक्षण करून घ्यावं, चुनखडी आणि क्षार किती आहेत ते कळतं.

वेळेचं गणित सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. कारखान्यांचा गाळप हंगाम संपेपर्यंत ट्रॅक्टर-ट्रॉल्या उसात अडकलेल्या असतात, आणि जूनचा पहिला पाऊस झाला की तलावात मशीन उतरत नाही. हाताशी राहतो तो एप्रिल-मे. म्हणून फाईल जानेवारीतच हलवायला हवी.

खोदाईत दोन गोष्टींवर आमची माणसं पाळत ठेवून होती: भिंतीच्या पायथ्यापासून लांब राहायचं आणि मूळ तळाच्या खाली जायचं नाही. वाळू उचलायला तर योजनेतच बंदी आहे. तरी रात्री एखादी ट्रॉली यायचीच, तेव्हा तलावावर झोपायला गावातली पोरं लावली.

अनुदान थेट शेतकऱ्याच्या खात्यात येतं, आणि तिथे सातबारा आडवा आला. ज्यांच्या आजोबांच्या नावावरचं रान अजून वारसांच्या नावावर चढलेलं नव्हतं, त्यांचा गाळ शेतात पडला पण पैसे अडकले. त्यातल्या काहींच्या वारसनोंदी झाल्या आहेत, बाकीच्यांचे अर्ज सध्या आमच्याच टेबलावर भरून घेतोय.