दगडाची भुकटी आणि कार्बनचा हिशेब

शेतात दगडाची भुकटी मिसळून हवेतील कार्बन डायऑक्साइड पकडता येतो का, हा माझ्या पीएचडीचा विषय; बेसाल्टची (लाव्ह्यापासून बनलेल्या काळ्या दगडाची) भुकटी मिसळलेली माती भरलेल्या नळ्यांतून झिरपणारे पाणी गोळा करणे, हेच सध्या माझे मुख्य काम आहे. पावसाच्या पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडपासून सौम्य कार्बोनिक आम्ल तयार होते, ते दगडातल्या सिलिकेट खनिजांतील कॅल्शियम व मॅग्नेशियम मोकळे करते, आणि कार्बन बायकार्बोनेटच्या (पाण्यात विरघळलेल्या आयनांच्या) रूपाने नद्यांवाटे समुद्रात पोहोचून हजारो वर्षे तिथे राहतो. निसर्गात हे अतिशय संथपणे घडते. दगड बारीक दळल्याने पृष्ठभाग वाढतो आणि वेगही वाढतो, मात्र दळण्यासाठी लागणारी ऊर्जा हिशेबातून वजा करावीच लागते.

आम्लधर्मी जमिनीचा सामू (pH) यामुळे वाढतो, हे तुलनेने लवकर दिसते. कार्बनचे मोजमाप मात्र चिवट आहे. मिथिल ऑरेंज हा रंग बदलणारा दर्शक घातलेला पाण्याचा पिवळा नमुना थेंबाथेंबाने आम्ल सोडताच नारिंगी होतो, तेव्हा मला त्यातील अल्कधर्मिता, म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेटमुळे आलेली आम्ल शमवण्याची क्षमता, कळते. पण मोकळे झालेले कॅल्शियम चिकणमातीने धरून ठेवले, तर तो आकडा फसवा ठरतो. शिवाय नत्रखतांपासून बनलेल्या नायट्रिक आम्लाने दगड विरघळला, तर खनिज झिजते, कार्बन मात्र पकडला जात नाही. केवळ दगड किती झिजला यावरून कार्बनचे दावे करणे मला म्हणूनच घाईचे वाटते.