सहाणेवरचे गंध आणि पाकिटातले चंदन

आमच्या देवघरात चंदनाचे जे खोड आहे ते माझ्या पणजीच्या काळापासूनचे. आता ते जेमतेम बोटभर उरले असून एका टोकाला तिरपे झिजले आहे, कारण घरातल्या प्रत्येकाने ते उगाळताना त्याच बाजूने धरले. शेजारी काळ्या दगडाची सहाण असते आणि तिच्या मधोमध वर्षानुवर्षांच्या उगाळण्याने उथळ खळगा पडला आहे. रोजच्या पूजेचे गंध, उन्हाळ्यातला कपाळावरचा लेप, चैत्रातले हळदीकुंकू आणि दिवाळीच्या उटण्यातला चिमूटभर वाटा, एवढे सगळे एका लाकडाच्या तुकड्याने चार पिढ्या भागवले, याचे मला लहानपणी काहीच वाटत नसे. चंदन बाजारातून आणायची वेळ आली तेव्हा ते वाटू लागले.

दोन वर्षांपूर्वीच्या वैशाखात गळ्यावर आणि पाठीवर घामोळे उठले. खोड उगाळत बसायला सवड नव्हती, म्हणून एका दुकानातून ‘शुद्ध चंदन पावडर’ असे छापलेले पाकीट आणले, गुलाबपाण्यात घट्ट कालवले आणि जाहिरातीत दाखवतात तसा चांगला जाड थर देऊन पंख्याखाली बसले. पाऊण तासाने लेप तडकू लागला, खालची कातडी ताणली गेली आणि ज्या आगीसाठी हा सगळा खटाटोप केला होता ती दुप्पट झाली. धुतल्यावर गळा लालभडक दिसत होता. त्या वेळी आजीचे एक वाक्य आठवले. लहानपणी मी हौसेने कपाळभर गंध थापले की ती म्हणे, “अगं, पातळ लाव. भिंतीला गिलावा नाही करायचा आपल्याला.”

आजीचे हे बोलणे मला काटकसरीचे वाटत आले होते. त्यात काटकसर होतीच, पण पुढे चरकसंहिता चाळताना चिकित्सास्थानाच्या शेवटच्या अध्यायात नेमका हाच मुद्दा सापडला आणि मी चकित झाले. तिथे म्हटले आहे की चंदनासारखे शीत द्रव्यसुद्धा अगदी बारीक वाटून त्याचा दाट लेप दिला तर दाह करते, कारण त्वचेतली उष्णता बाहेर पडायची वाट तो अडवून धरतो. उलट अगरू हे सुगंधी लाकूड उष्ण असूनही वेगळ्या रीतीने, म्हणजे पातळ लावल्यास थंडावा देऊ शकते. द्रव्याचा गुण जितका महत्त्वाचा तितकीच ते लावण्याची रीत महत्त्वाची, हे सांगायला ग्रंथकाराने चंदनाचेच उदाहरण घ्यावे, हे मार्मिक आहे. चंदन म्हणजे थंड हे तेव्हाही सर्वांना ठाऊक होते, म्हणूनच ते निवडले असणार.

यातली कारणमीमांसा आजच्या भाषेतही सहज पटते. सहाणेवर उगाळलेल्या गंधात पाण्याचा अंश पुष्कळ असतो. तो पातळ थरातून उडून जाताना त्वचेची उष्णता सोबत नेतो, आणि थर विरळ असल्यामुळे घामालाही वाट राहते. जाड थर वरून वाळतो, त्याची खपली बनते, आतला घाम आतच कोंडतो, आणि घामोळ्याचे मूळच घामाच्या ग्रंथींची तोंडे बंद होण्यात असल्यामुळे असा लेप दुखणे वाढवतो. आमच्या घरची रीत अशी होती की गंध ताजे उगाळायचे, बोटाने जेमतेम ओल राहील इतके लावायचे, पूर्ण वाळायच्या आत ओल्या फडक्याने पुसायचे आणि हवे तर पुन्हा लावायचे. कपाळ दुखत असेल तर आजी आधी विचारी, की उन्हातून आल्यामुळे दुखते आहे की सर्दीने. उन्हाचे असेल तर चंदन, सर्दीचे असेल तर सुंठ. सहाण एकच, पण सुंठ उगाळून झाल्यावर ती नीट धुतल्याशिवाय देवाचे गंध तिच्यावर उगाळायचे नाही, हा दंडक होता. घोळणा फुटला की कपाळावर आणि नाकाच्या मुळाशी गंधाचा पट्टा ओढला जाई. नाकातले रक्त त्याने थांबत होते की डोके खाली वाकवून शांत बसवल्याने, हे आज मी छातीठोकपणे सांगणार नाही.

चंदनाच्या थंडाव्याला आपल्याकडे ऋतूचे भान आहे. पंढरपुरात विठ्ठलाची चंदनउटी पूजा गुढीपाडव्याला सुरू होते आणि मृग नक्षत्र लागेपर्यंत चालते, म्हणजे उकाड्याचे दिवस तेवढेच. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आलेल्या सुवासिनींच्या हातांवर चंदनाचा लेप लावायचा, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरायची, आंब्याची डाळ आणि पन्हे द्यायचे, या सगळ्या क्रमामागे उन्हातून चालत आलेल्या बाईला गारवा द्यावा ही साधी माया आहे. आंध्रातल्या सिंहाचलमला मात्र उलटे आहे. तिथला वराह नरसिंह वर्षभर चंदनाच्या जाड थराखाली झाकलेला असतो आणि अक्षय्य तृतीयेच्या एका दिवशी त्याचे मूळ रूप दिसते. देवाला घामोळे येत नसल्यामुळे चरकांचा नियम तिथे लागू नसावा.

सौंदर्याच्या बाबतीत चंदनाची जी ख्याती झाली आहे, तिच्याबद्दल मला थोडे खटकते. चरकसंहितेत औषधांचे जे दहा-दहांचे गट आहेत, त्यांतल्या ‘वर्ण्य’ गटात चंदन पहिले येते, पाठोपाठ वाळा, ज्येष्ठमध, मंजिष्ठा, सारिवा ही मंडळी. आजच्या जाहिराती त्याचा अर्थ सरसकट गोरेपणा असा लावतात. वर्ण्य म्हणजे वर्णाला हितकर, जो वर्ण ज्याचा असेल तो निरोगी आणि सतेज राखणारे, एवढाच अर्थ मला त्या शब्दात दिसतो. हेच चंदन खाज कमी करणाऱ्या आणि दाह शमवणाऱ्या गटांतही आहे. उन्हाने रापलेली, खाजवून लाल झालेली कातडी शांत झाली की माणूस आपोआप बरा दिसतो. गाजवायला हवे होते ते हे, आणि गाजवले गेले भलतेच. आमच्या उटण्यात चंदन असे, पण नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा, गव्हला कचरा, आंबेहळद या गर्दीत चंदनाचा वाटा थोडा, आणि तोही मुख्यतः वासासाठी.

दुसरा मोठा घोळ रक्तचंदनाचा. नावात चंदन असले तरी हे झाड वेगळ्या कुळातले आहे. पांढऱ्या चंदनाचे शास्त्रीय नाव सॅन्टॅलम आल्बम, तर रक्तचंदन हे टेरोकार्पस सॅन्टॅलिनस, म्हणजे शेंगावर्गीय झाड, प्रामुख्याने आंध्रातल्या शेषाचलमच्या डोंगरांत वाढणारे. त्याला सुवास जवळजवळ नसतो, लाल रंग मात्र भरपूर. कोकणात आणि देशावर कितीतरी घरांत रक्तचंदनाची बाहुली असते. खेळण्यासाठी तिचा उपयोग फारसा होत नाही. मुका मार लागला, गालफुगी झाली, गुडघा सुजला की ती सहाणेवर उगाळून लाल लेप सुजेवर लावायचा. आमच्या बाहुलीचे पाय असे झिजून गेले की मी तिला कधी उभी पाहिलीच नाही. शार्ङ्गधरसंहिता या जुन्या वैद्यकग्रंथात याविषयी एक उपयुक्त संकेत आहे. कृतीत नुसते ‘चंदन’ म्हटले असेल तर चूर्ण, तेल-तूप, आसव आणि अवलेह यांत बहुतकरून पांढरे घ्यावे, काढ्यात आणि लेपात बहुतकरून तांबडे. म्हणजे वैद्यकातल्या पुष्कळ लेपांत अपेक्षित असलेले चंदन हे आपल्या घरच्या बाहुलीचे आहे, आणि पांढऱ्या चंदनाच्या पाकिटावर ग्रंथांची नावे छापणाऱ्यांना याचा पत्ता नसतो किंवा असूनही सोयीचा नसतो.

पोटात घेण्याचे उपयोग मी फक्त नोंदवते, सुचवत नाही. उन्हाळी लागली, म्हणजे लघवीला जळजळ होऊ लागली, की आजी तांदळाच्या धुवणात चंदन उगाळून खडीसाखर घालून द्यायची. तापातली तहान भागवायला वैद्यकात षडंगपानीय सांगितले आहे, त्यात नागरमोथा, पित्तपापडा, वाळा, सुगंधी वाळा आणि सुंठ यांच्याबरोबर चंदन येते. प्रतिजैविके येण्यापूर्वी युरोपातसुद्धा चंदनाच्या तेलाच्या कॅप्सूल परम्यासारख्या मूत्रमार्गाच्या आजारांवर दिल्या जात, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाही. पण लघवीची जळजळ हे आज जंतुसंसर्गाचे लक्षण म्हणून तपासून घ्यायचे दुखणे आहे, आणि सहाणेवर उतरलेले चार थेंब गंध व बाटलीतले तेल यांत तीव्रतेचे अंतर फार मोठे आहे. तेल थेट त्वचेवर लावल्याने काहींना पुरळ उठते, पोटात घेतल्याने त्रास होऊ शकतो. २०१४ मध्ये जर्मनीतल्या बोखुमच्या शास्त्रज्ञांनी त्वचेच्या पेशींमध्ये गंध ओळखणारा एक ग्राहक रेणू (रिसेप्टर) असल्याचे दाखवले आणि चंदनासारख्या वासाने पेशींची वाढ व जखम भरणे वेगाने होते असे नोंदवले, तेव्हा इकडे आजीबाईंच्या बटव्याचा विजय साजरा झाला होता. मात्र तो प्रयोग प्रयोगशाळेत बनवलेल्या सॅन्डलोअर या कृत्रिम सुगंधी द्रव्यावर होता, ही बारीक गोष्ट बहुतेकांनी गाळली.

आता पाकिटात काय असते याकडे वळते, कारण माझ्या गळ्याच्या आगीचे अर्धे उत्तर तिथे असावे. चंदनाचे झाड अर्धपरजीवी आहे. त्याची मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांना चिकटून पाणी आणि क्षार ओढतात, म्हणून लागवड करणारे शेतकरी त्याच्याजवळ तूर किंवा सुरूसारखी सोबतीची झाडे लावतात. खोडाचा बाहेरचा पांढुरका भाग निर्गंध असतो. वास आणि तेल असते ते आतल्या गाभ्यात आणि मुळांत, आणि हा गाभा धरायलाच दहा-पंधरा वर्षे जातात. मुळांतले तेल वाया जाऊ नये म्हणून चंदन तोडत नाहीत, खणून काढतात. तेलातला मुख्य घटक सॅन्टॅलॉल, त्याचे रेणू जड, म्हणून ते सावकाश उडते आणि वास तासन्‌तास टिकतो. कनौजचे अत्तर पिढ्यान्‌पिढ्या याच तेलावर उतरवले जाई. तेल परवडेनासे झाले तेव्हा पुष्कळांनी स्वस्त पर्याय पत्करले.

एवढे मोलाचे झाड सरकारांच्या हातून कसे सुटेल? टिपू सुलतानाने १७९२ मध्ये चंदनाला राजवृक्ष ठरवले, म्हणजे झाड कुणाच्याही अंगणात उगवो, मालकी राज्याची. हाच विचार पुढे दोनशे वर्षे टिकला. पहिल्या महायुद्धात युरोपला जाणारे लाकूड म्हैसूरमध्ये अडकून पडले, तेव्हा नाल्वडी कृष्णराज वडियार आणि दिवाण विश्वेश्वरय्या यांच्या कारकिर्दीत १९१६ मध्ये तेलाचा सरकारी कारखाना निघाला आणि त्यातूनच पुढे म्हैसूर सॅन्डल साबण आला. परंतु आपल्या बांधावरचे झाड आपले नाही म्हटल्यावर ते जपायचे कुणी? शेतकऱ्याला ते लचांडच वाटले, चोरांचे फावले, आणि स्पाइक नावाच्या रोगाने उरलेले काम केले. १९९८ पासून हे झाड धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत असुरक्षित म्हणून नोंदले आहे. कर्नाटकाने २००१ मध्ये आणि तमिळनाडूने २००२ मध्ये जमीनमालकाला झाडाची मालकी दिली, पण लावलेले झाड उगाळण्याजोगे व्हायला एक पिढी लागते. आमच्या पुण्यात तर बंगल्यांच्या आणि संस्थांच्या आवारातली झाडे रातोरात कापून नेल्याच्या बातम्या अधूनमधून येतच असतात.

अशा दुर्मिळ लाकडाची भुकटी शे-दीडशे रुपयांत पाकीटभर मिळते, याचा अर्थ वाचकांनी स्वतःच लावावा. माझ्या पाकिटातली भुकटी एक दिवस उघडी ठेवली तर वास पार उडून गेला आणि मागे उरला साधा लाकडाचा भुसा. आमच्या खोडाचे गंध वाळल्यावर फिकट पिवळसर दिसते आणि संध्याकाळपर्यंत मंद दरवळत राहते.

त्यानंतर मी पाकीट आणले नाही. नवे खोड घ्यायचे तर सरकारी विक्री केंद्रातून, पावतीसह घेणार आहे आणि करंगळीएवढा तुकडासुद्धा खिशाला जड जाईल हे जाणून आहे. तोवर जुनेच पुरवते. मे महिन्यात दुपारी परतल्यावर सहाणेवर पाण्याचे चार थेंब टाकायचे, खोड वीस-पंचवीस वेळा गोल फिरवायचे, आणि जे काही उतरेल ते दोन बोटांनी मानेवर पसरायचे. गळ्यापर्यंत पोहोचेपर्यंत ते संपते.